अर्ध्या टक्क्याची नोट

"अर्ध्या टक्क्याची ना? ती मीच लिहिली," धैर्यवानसाहेब म्हणाले आणि सुपारी कातरत राहिले.

मी लगबगीनं पिशवीतून वही काढली. त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला.

"घाई नको. परतीच्या लाँचला अजून पुष्कळ वेळ आहे. आधी पन्हं घ्या, मग काय लिहायचं ते लिहा."

गोष्ट चाळीसहून जास्त वर्षांपूर्वीची आहे. एप्रिल होता. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून मी रेवसला उतरले होते आणि तिथून एसटीनं नागावला. पोफळीच्या वाडीत कौलारू घर, ओटीवर दोन वेताच्या खुर्च्या आणि समोर सत्तरी ओलांडलेला एक ताठ, गोरा माणूस. घरातसुद्धा इस्त्रीचा सदरा. आयुष्यभर त्यांनी देशाच्या मध्यवर्ती बँकेत नोकरी केली होती. मी मुंबईतल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते, अठ्ठावीस वर्षांची होते आणि नोकरीत अजून कायम झाले नव्हते. माझा पीएच.डी.चा प्रबंध सादर झाला होता, बरोबर बाराव्या दिवशी तोंडी परीक्षा होती, आणि त्या प्रबंधाचा सगळा डोलारा या गृहस्थांच्या एका नोटेवर उभा होता.

बँकेतली असली तरी ही नोट पैशाची नव्हे. कचेरीत वरिष्ठांपुढे ठेवायचं टिपण असतं, ती नोट.

विषय असा होता. मध्यवर्ती बँक इतर बँकांना ज्या व्याजानं पैसे देते त्याला बँक रेट म्हणतात. तो वर गेला की इतर बँका आपापले दर वर नेतात, आणि शेवटी आडगावातल्या दुकानदाराचं कर्ज महाग होतं. साठच्या सुमाराला महागाईनं डोकं वर काढलं आणि एका शुक्रवारी हा दर अर्ध्या टक्क्यानं वाढला. साल मी मुद्दाम सांगत नाही. आकडेही थोडे इकडेतिकडे केले आहेत. बाजार पाव टक्का धरून चालला होता. अर्धा का, याचा पत्ता कुणालाच लागला नव्हता. मला लागला होता. बँकेच्या दप्तरात दोन वर्षं धूळ खाऊन मी निर्णयाच्या दिवशीची मूळ नोट शोधून काढली होती. तिच्या सातव्या परिच्छेदात लिहिलं होतं, की किमती बाजारात चढतात त्याच्या आधी त्या माणसांच्या मनात चढतात, आणि व्याजाचा दर म्हणजे त्या मनाशी बोलायची भाषा आहे. पाव टक्का ऐकू जाणार नाही, अर्धा जाईल.

परदेशातल्या विद्वानांना हेच सुचायला आणखी पाच-सहा वर्षं लागली होती. त्यांचं नाव झालं. आमच्या एका अनाम अधिकाऱ्यानं ते आधीच लिहून ठेवलं होतं, हे मी चौथ्या प्रकरणात सिद्ध केलं होतं. माझ्या मार्गदर्शक डॉ. कुमुदिनी रेगे तर एवढ्या खूश होत्या की पुस्तक छापायचं बोलू लागल्या होत्या. नोटेच्या कोपऱ्यात "टी.बी.डी." अशी तीन अक्षरं होती. निवृत्तांच्या यादीत ती जुळवत जुळवत मी त्र्यंबक बापूजी धैर्यवान या नावापर्यंत आले. प्रबंध देऊन झाला होता, तेव्हा तशी गरज काही नव्हती. पण ते हयात आहेत असं कळल्यावर राहवेना.

आणि दुसरं एक कारण होतं. ते म्हणजे तात्या, माझे वडील.

कऱ्हाडला आमचा पत्र्याच्या ट्रंकांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबट शेड, चार कामगार आणि पत्रा वाकवायचं एक मशीन. मी आठ वर्षांची असताना तो शुक्रवार आला, आणि त्यानंतर दोन महिन्यांत कारखाना बंद पडला. तात्या खादी भांडारात कामाला लागले आणि पुढची वीस-बावीस वर्षं तिथं कापड मोजत राहिले. पण त्यांनी कधी कुरकुर केली नाही. कुणी विचारलं तर सांगायचे, "मुंबईहून व्याजाचा दर वाढला. देशात महागाई होती. कुणीतरी सोसायला हवंच होतं." बेचाळीस साली तुरुंगात गेलेले लोक जसे त्या दिवसांबद्दल बोलतात, तसे तात्या बँक रेटबद्दल बोलायचे. त्यांच्या आवाजात तक्रार नसायची, मान असायचा. मी अर्थशास्त्र घेतलं ते यामुळेच. आमचं घर ज्या कारणानं उलटंपालटं झालं, ते कारण मला डोळ्यांनी बघायचं होतं.

ते सापडलं तेव्हा मी सुट्टीत कऱ्हाडला जाऊन सातवा परिच्छेद मराठी करून तात्यांना वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला.

"म्हणजे नीट विचार करून केलं होतं," ते म्हणाले.

"फार विचार करून, तात्या."

ते नुसते मान हलवत राहिले. आई आत भाकरी करत होती. भाकरी थापण्याचा आवाज मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

तर नागावला त्या ओटीवर बसून मी वही उघडली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "सातव्या परिच्छेदातला विचार तुम्हाला कसा सुचला?"

"कोणता विचार?"

मी वाक्य पाठ म्हणून दाखवलं. त्यांचा चेहरा खुलला.

"चांगलं आहे. तेव्हा माझं इंग्रजी बरं होतं." मग जरा थांबून म्हणाले, "यातली कोणती वाचलीत तुम्ही?"

"कोणती म्हणजे?"

ते उठून आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. निळ्या पुठ्ठ्याची एक फाइल घेऊन ते बाहेर आले, फुंकर मारून त्यांनी तिच्यावरची धूळ उडवली आणि टाइप केलेल्या कागदांचे तीन जुने गुच्छ तिपाईवर एकाशेजारी एक ठेवले. तिन्हींवर तारीख एकच होती. तो शुक्रवार.

"ही तुमची," त्यांनी डावीकडच्या गुच्छावर बोट ठेवलं. "दर अर्ध्या टक्क्यानं वाढवावा. ही मधली, पाव टक्क्यानं वाढवावा. आणि ही तिसरी, दर आहे तिथंच ठेवावा. या माझ्या कॉप्या. मूळ प्रत एकच फाइलला लागली."

मी मधली नोट उचलली. महागाईची तीच आकडेवारी, पीकपाण्याची तीच माहिती. सातवा परिच्छेद अक्षरशः तोच. किमती बाजारात चढतात त्याच्या आधी माणसांच्या मनात चढतात, दर म्हणजे त्या मनाशी बोलायची भाषा. फक्त शेवटचं वाक्य वेगळं होतं: अर्धा टक्का म्हणजे आरडाओरडा होईल आणि लोक जास्तच घाबरतील; पाव टक्का शांतपणे सांगेल. तिसरीतही तेच सगळं. शेवट असा की ज्याला आपल्या शब्दाची किंमत माहीत आहे, त्यानं अशा वेळी गप्प राहावं.

तिन्ही नोटा वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की तिन्ही मला पटल्या आहेत.

"तीन का लिहिल्या?" मी विचारलं.

"सांगितल्या म्हणून. आदल्या दिवशी साहेब म्हणाले, धैर्यवान, उद्या मीटिंग आहे, तिन्ही बाजूंनी तयारी ठेवा. मग जे ठरेल त्याची नोट फाइलला लावायची. निर्णयाच्या खाली कारण असावं लागतं ना."

"पण मग ठरलं कशावरून?"

"ते मला कसं ठाऊक असणार? मी बाहेर बाकावर बसलो होतो. शिपाई चहाचा ट्रे घेऊन आत गेला. तो ट्रे ठेवून बाहेर येतोय तोच त्याच्या मागोमाग एकानं दार उघडून माझ्या हातात दोन नोटा परत दिल्या. म्हणजे अर्ध्या टक्क्याची आत राहिली. एवढाच वेळ लागला."

"म्हणजे चर्चा झालीच नाही?"

"तसं मी म्हणणार नाही," ते सावधपणे म्हणाले. "मोठी माणसं होती, हुशार होती. आधी बोलली असतील आपापसांत, फोनवर बोलली असतील. त्यांच्याकडे कारणं असतीलच. ती माझी कारणं नव्हती, एवढंच मला माहीत आहे. माझी त्यांनी वाचलीसुद्धा नसावीत. परत आलेल्या कागदांना लावलेली टाचणी तशीच होती."

आतून त्यांच्या पत्नी, मनोरमाबाई, पानं वाढल्याचं सांगायला आल्या होत्या. त्या दारात थांबून ऐकत होत्या.

"अजूनही तसंच आहे यांचं," त्या मला म्हणाल्या. "बाजारात जायचं तर तीन याद्या करून देतात. मी चौथंच काहीतरी आणते."

आम्ही जेवायला बसलो. मी भात नुसताच कालवत होते. धैर्यवानसाहेब मात्र बोलते झाले होते.

"खरं सांगू का, त्या तीनपैकी मला स्वतःला तिसरी आवडली होती. दर हलवू नये ही. परत आली तेव्हा वाईट वाटलं. म्हणून ठेवून दिल्या."

"पण निर्णय बरोबर ठरला," मी म्हणाले. तेवढा एकच आधार उरला होता. "सहा महिन्यांत महागाई खाली आली."

"आली की. त्या वर्षी पीक फार चांगलं आलं."

त्यांनी माझ्या वाटीत आमटी घातली.

"तुम्ही मला हे सगळं का सांगताय?" शेवटी मी विचारलं. आवाजात थोडा राग आला असावा.

"तुम्ही विचारलंत," ते म्हणाले. "वीस वर्षांत दुसऱ्या कुणी विचारलं नाही. कागद घेऊन जा. मी निवृत्त माणूस आहे, मला आता कोण काय करणार? छापायचं तर छापा."

परतीच्या लाँचमध्ये मी त्या परत आलेल्या दोन नोटा मांडीवर घेऊन बसले होते. पाण्याचे शिंतोडे यायला लागले तेव्हा त्या पिशवीत तळाशी घातल्या आणि वर जेवणाचा डबा ठेवला. चौथ्या प्रकरणाचं काय होणार, कायम नोकरीचं काय होणार, हे विचार डोक्यात होतेच. पण त्याहून जास्त मला तात्या दिसत होते, मान हलवताना.

दुसऱ्या दिवशी मी रेगेबाईंच्या घरी गेले. त्यांनी दोन्ही नोटा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा सातवा परिच्छेद वाचला.

"फार सुंदर," त्या म्हणाल्या.

"बाई, माझा सिद्धांत उडाला."

"कुठे उडाला? विचार त्याच तारखेला त्याच टेबलावर होता, हे तू सिद्ध केलंस. तो निर्णयाच्या आधी होता की नंतर, एवढाच काय तो मुद्दा."

"तोच तर मुद्दा आहे."

बाईंनी कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले. त्यांच्याबद्दल कुणी वाईट समजू नये. त्यांनी चार मुलींना पीएच.डी. मिळवून दिल्या होत्या आणि प्रत्येकीसाठी विद्यापीठाशी भांडल्या होत्या.

"इंदुमती, तुझी नेमणूक जूनमध्ये कायम व्हायची आहे ना?"

"हो."

"मग ही पीएच.डी. पुरी कर. यावर पाहिजे तर दुसरी कर."

तोंडी परीक्षा विद्यापीठाच्या एका लांबट खोलीत होती. खुली परीक्षा, कुणीही येऊन मागे बसावं. पंधरा-वीस माणसं होती. शेवटच्या रांगेत तात्या होते. कऱ्हाडहून पहाटेच्या गाडीनं आले होते. अंगात लग्नातला कोट, मांडीवर पेढ्यांचा पुडा, आणि खिशाला पेन, जणू परीक्षा त्यांचीच होती. माझ्या पर्समध्ये त्या दोन नोटा होत्या. त्या मी का आणल्या, हे मला अजूनही नीट सांगता येणार नाही. सांगायचं ठरवलं नव्हतं. सांगायचं नाही असंही ठरवलं नव्हतं.

बाहेरगावचे परीक्षक दिल्लीहून आले होते. त्यांनी सुरुवातीचे प्रश्न सौम्यपणे विचारले आणि मग पानं उलटत चौथ्या प्रकरणाशी येऊन थांबले.

"इथे तुम्ही म्हणता की अर्धा टक्का मुद्दाम, पूर्ण जाणीवपूर्वक निवडला गेला. याची तुम्हाला किती खात्री आहे?"

मी पर्सच्या बंदावर हात ठेवला. रेगेबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"निर्णयाच्या दिवशीच्या टिपणात तसं स्पष्ट लिहिलं आहे," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

परीक्षकांनी मान डोलावली. मला वाटलं, संपलं. एवढ्यात अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, बसलेल्यांपैकी कुणाला काही शंका? अशा वेळी कुणी काही विचारत नाही. मागची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तात्या उभे राहिले होते.

"मराठीत विचारलं तर चालेल का?"

अध्यक्ष हसून म्हणाले, "विचारा ना."

तात्यांनी पेढ्यांचा पुडा खुर्चीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून, मला "तुम्ही" म्हणत, विचारलं, "त्यांनी तो दर वाढवला नसता, तर काय झालं असतं?"

त्या खोलीत विचारलेला तो सगळ्यांत सरळ प्रश्न होता. त्याचं खरं उत्तर मी नागावहून घेऊन आले होते: काहीच नाही झालं असतं. पीक चांगलं येणारच होतं. तुमचा कारखाना चालू राहिला असता, तात्या. मी त्यांच्या कोटाकडे बघितलं. बाह्या आखूड झाल्या होत्या. ज्या गोष्टीच्या आधारावर एका माणसानं वीस वर्षं कापड मोजलं होतं, ती मला त्याच्याकडून काढून घ्यायची होती, तीही भरल्या खोलीत, आणि पदवी गमावून. मला दोन्ही जमेना.

"महागाई हाताबाहेर गेली असती," मी म्हणाले. "तो निर्णय आवश्यक होता."

तात्यांनी थोडा वेळ माझ्याकडे रोखून बघितलं. मग "ठीक आहे" म्हणून ते बसले.

मला पदवी मिळाली. जूनमध्ये नोकरी कायम झाली. प्रबंधाचं पुस्तक निघालं, आणि अर्धा टक्का का, याचा विषय निघाला की अजूनही कुणी ना कुणी माझ्या चौथ्या प्रकरणाचा हवाला देतं. त्याच वर्षी दिवाळीनंतर धैर्यवानसाहेब गेले. मी दोन्ही नोटा मनोरमाबाईंना टपालानं परत पाठवल्या. त्यांचं उत्तर आलं नाही. दुसरी पीएच.डी. मी केली नाही.

पुढे आई गेली. तात्या कऱ्हाड सोडून माझ्याकडे ठाण्याला राहायला आले. चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, पण सकाळचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचे. त्या दिवसांत मध्यवर्ती बँक सारखी दर वाढवत होती, आणि एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या कदमबाई फ्लॅटच्या कर्जाचा कागद घेऊन वर आल्या. वीस लाखांचं कर्ज होतं. अर्धा टक्का वाढला तर हप्ता किती वाढेल, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी पेपरच्या कडेला हिशेब करून दिला. महिन्याला साडेसहाशेच्या आसपास. त्या "बाई गं" म्हणून उसासा टाकून गेल्या.

तात्या खिडकीशी बसले होते.

"माझा महिन्याला तीन रुपये तेहतीस पैसे वाढला होता," ते म्हणाले.

"काय?"

"हप्ता नव्हे, व्याज. आठ हजारांचं कर्ज होतं माझं बँकेचं. त्याच्यावर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला चाळीस रुपये. भाग बारानं."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. तीन वर्षं मी त्या अर्ध्या टक्क्यावर संशोधन केलं होतं. देशभरातल्या कर्जांचे तक्ते केले होते. तात्यांचं कर्ज किती होतं, हे एकदाही विचारलं नव्हतं. एवढा भागाकार मी केला नव्हता.

"तात्या, तीन रुपयांनी कारखाना कसा बुडेल?"

"नाही बुडत."

त्यांनी पेपर मांडीवर ओढून घेतला. मला वाटलं, विषय संपला.

"एक कंत्राटदार आला होता," ते म्हणाले. "पलटणीला ट्रंका पुरवायच्या म्हणाला. तीनशे. मोठ्या मापाच्या, हिरव्या रंगाच्या. मी उचल घेऊन पत्रा आणला, माणसं वाढवली आणि तीनशेच्या तीनशे करून ठेवल्या. लेखी काही घेतलं नाही. तुझी आई म्हणत होती, लेखी घ्या. मी म्हटलं, भला माणूस आहे."

"मग?"

"मग तो आलाच नाही परत. पत्ता दिला होता तिथं वेगळीच माणसं राहत होती. त्या मापाची ट्रंक गावात कोण घेणार? बसलो होतो असाच सकाळचा. तुझी आई चहा घेऊन आली, म्हणाली, चेहरा असा का? काय झालं? समोर पेपर पडला होता. पहिल्याच पानावर बातमी होती, व्याजाचा दर वाढला म्हणून."

त्यांनी मांडीवरच्या पेपरची घडी घातली, परत उलगडली.

"ती त्या ट्रंकांचं विचारायची. मी सांगायचो, व्याज महागलं म्हणून पलटणीनंच काम थांबवलं. एकदा सांगितलं, मग तेच सांगत गेलो. पुढे माझं मलाच खरं वाटायला लागलं. तू त्याच्यावरच शिकायला लागलीस, तेव्हा मात्र झोप उडाली."

"आईला कळलं होतं?"

"विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिनं परत कधी विषय काढला नाही. त्यावरून काय समजायचं ते समज."

"आणि परीक्षेच्या दिवशी? तो प्रश्न का विचारलात मग?"

"सांगून टाकायचं ठरवून आलो होतो गाडीत. म्हटलं, पोरगी माझ्या खोट्यावर डॉक्टर होतेय. आधी बघावं तिला किती खात्री आहे. जराशी जरी अडखळलीस, तर बाहेर नेऊन सगळं सांगायचं. पण तू इतकं ठाम उत्तर दिलंस. म्हटलं, हिला कळतं यातलं. आपलं काय ते राहू दे."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसले आणि मग त्यांना सगळं सांगितलं. नागाव, ओटी, तिन्ही नोटा, चहाचा ट्रे, चांगलं आलेलं पीक. काही वगळलं नाही. ते ऐकत होते. मध्ये एकदाच बोलले.

"म्हणजे तू उत्तर दिलंस तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"पर्समध्ये होत्या दोन्ही नोटा."

तात्यांचे खांदे हलायला लागले. मला भीती वाटली, मी उठून त्यांच्याजवळ गेले. ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"त्या मुंबईच्या साहेबांनासुद्धा कुणीतरी विचारलं असणार," ते म्हणाले, "काय झालं म्हणून."

त्यानंतर तात्या तीन वर्षं होते. सोसायटीच्या बागेत म्हातारी मंडळी जमायची, त्यांत कुणीतरी नवा गृहस्थ विचारायचाच, तुम्ही पूर्वी काय करत होतात? तात्या सांगायचे, कऱ्हाडला कारखाना होता, बँक रेट वाढला, देशाला गरज होती. कुणी शंका काढली तर माझ्याकडे बोट दाखवायचे, "हिला विचारा, ही त्यातली डॉक्टर आहे." मी हो म्हणायचे. फरक एवढाच पडला होता की आता हे सगळं चालू असताना आम्ही एकमेकांकडे बघत नसू.